मोटारसायकलचे प्लास्टिकचे भाग घरी घडवताना

मोटारसायकलच्या बाहेरच्या अंगाचा बराचसा भाग आज प्लास्टिकचा असतो. साइड पॅनेल, पुढचा मडगार्ड, हेडलाइटभोवतीचा व्हायझर, सीटखालची शेपटी, मीटरचे कव्हर हे भाग चिखल-पाणी अडवतात, बॅटरी आणि वायरी झाकतात आणि गाडीला तिचा तोंडवळा देतात. गाडीचे किंवा स्वाराचे वजन मात्र त्यांच्यावर येत नाही. म्हणूनच ते घरी बनवता येतात. फोर्क किंवा सिलिंडर घरच्या हत्यारांच्या आवाक्याबाहेरचे. साइड पॅनेलला मात्र एक भक्कम टेबल, कानस, हीट गन, ड्रिल मशीन आणि धीर एवढे भांडवल पुरते.

अशी वेळ सहसा तीन कारणांनी येते. पहिले कारण म्हणजे मॉडेल बंद पडणे. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या गाड्या अजूनही जिवापाड जपल्या जातात. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात जुन्या गाड्यांचे भाग शोधता येतात, पण मूळ पॅनेल धड अवस्थेत मिळणे कठीण आणि नकली पॅनेलची भोके जुळतीलच याची खात्री नसते. दुसरे कारण स्वाराची वेगळी गरज: उंच माणसाला उंच विंडशील्ड हवे असते, लांब प्रवास करणाऱ्याला चार्जिंगच्या जोडणीसाठी कोनाडा हवा असतो. तिसरे कारण हौस, म्हणजे गाडीचे रूप आपल्या मनासारखे करणे.

या कामाला मोठी परंपरा आहे. १९५८ मध्ये आलेल्या होंडा सुपर कबवर पाय झाकणारी ढाल आणि पुढचा मडगार्ड पॉलिएथिलीनचे होते, आणि तिथून मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या दुचाकींवर प्लास्टिक रुळले. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी १९६६ मध्ये फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे पुढचे आवरण, बनवण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. १९७१ मधले त्यांचे ‘विंडजॅमर’ फेअरिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर बसवता येत असे. प्रेस्टन पेटी या मोटोक्रॉस स्पर्धकाने १९७०च्या दशकात न तुटणारे प्लास्टिकचे मडगार्ड प्रचारात आणले, कारण धातूचे मडगार्ड गाडी पडली की वाकत आणि चाकाला घासत. आज कारखान्यात सर्रास होणाऱ्या या गोष्टींची सुरुवात स्वतःच्या गाडीची अडचण स्वतः सोडवण्यातून झाली.

भाग कुठे तुटतो

काम हातात घेण्यापूर्वी प्लास्टिकचा भाग कशामुळे निकामी होतो हे समजून घ्यायला हवे. पहिले कारण थरथर. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. तासाभराच्या प्रवासात पॅनेलला ३ लाख ६० हजार हिसके बसतात. दुसरे कारण उष्णता. सायलेन्सरचा इंजिनाजवळचा वाकलेला पाइप २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो आणि एबीएस प्लास्टिक १०५ अंशांच्या आसपास मऊ होते. तिसरे कारण ऊन, पेट्रोल आणि ऑइल. ऊन प्लास्टिकला ठिसूळ करते, तर पेट्रोलने पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला बारीक तडे जातात.

पॅनेल मधोमध क्वचितच तुटते. तडा जातो तो भोकाच्या कडेपासून, आतल्या टोकदार कोपऱ्यापासून किंवा पॅनेल फ्रेमला अडकवणाऱ्या मागच्या खुंटीच्या मुळापासून. ताण तिथेच गोळा होतो. म्हणून घरी बनवलेल्या भागाचे आयुष्य त्याच्या जाडीपेक्षा त्याची भोके, कोपरे आणि सांधे कसे केले आहेत यावर ठरते. पुढची प्रत्येक पद्धत याच कसोटीवर तपासायची आहे.

काही भाग घरी प्लास्टिकमध्ये बनवूच नयेत. ब्रेकचे कोणतेही अंग, हँडलची पकड धरणारे क्लॅम्प, फुटरेस्ट, स्टँड, मागच्या सीटवरच्या माणसाचा धरण्याचा दांडा हे भार घेणारे भाग आहेत. पुढचा मडगार्ड भार घेत नसला, तरी तो सुटून चाकात अडकला तर स्वार थेट जमिनीवर आपटतो. त्यामुळे नवख्याने साइड पॅनेल, व्हायझर, मीटरचे कव्हर यांपासून सुरुवात करावी आणि हात बसल्यावरच मडगार्डकडे वळावे.

प्लास्टिक ओळखणे

मूळ भागाच्या आतल्या बाजूला बहुधा दोन बाणांच्या टोकांमध्ये अक्षरे उमटवलेली असतात: एबीएस, पीपी, पीसी, पीए. ती त्या प्लास्टिकची ओळख आहे. साइड पॅनेल आणि रंगवलेले कव्हर सहसा एबीएसचे असतात. मागच्या चाकाजवळचा काळा, न रंगवलेला, वाकणारा भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा असतो. पारदर्शक भाग ॲक्रिलिकचे किंवा पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे पीसीचे, असतात.

अक्षरे सापडली नाहीत, तर साध्या परीक्षा पुरतात. आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाकावा. पीपीची घनता ०.९ असल्याने ते तरंगते; एबीएसची १.०५ च्या आसपास असल्याने ते बुडते. तुकड्यावर ॲसिटोनचा थेंब टाकला तर एबीएस चिकट होते, पीपीवर काहीच परिणाम होत नाही. तिसरी परीक्षा ज्योतीची. पकडीत धरलेला तुकडा मोकळ्या हवेत पेटवला, तर एबीएस काजळीचा काळा धूर सोडते. पीपी निळसर ज्योतीने जळते, थेंब गाळते आणि मेणबत्तीसारखा वास देते. ही परीक्षा ॲसिटोनची बाटली बंद करून दूर ठेवल्यावरच घ्यावी, कारण ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबूनही पेट घेते.

ही ओळख पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागते. एबीएस चिकटते, रंग धरते आणि उष्णतेने छान वळते. पीपीला साधा गोंद लागत नाही की साधा रंग धरत नाही. त्याला गरम करूनच जोडावे लागते.

माप आणि पुठ्ठ्याचा नमुना

प्लास्टिक कापण्याआधी पुठ्ठा कापावा. मिठाईच्या खोक्याचा किंवा ड्रॉइंगचा जाड कागद गाडीवर मास्किंग टेपने चिकटवून आकार काढायचा, कात्रीने सुधारायचा आणि मनासारखा होईपर्यंत पुन्हा कापायचा. फ्रेमवरची भोके कागदावर उतरवण्यासाठी भोकाच्या कडेला बोटाने ऑइल लावून कागद दाबला की गोल ठसा उमटतो.

नमुना बसल्यावर गाडी हलवून पाहायची. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावे. क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल नमुन्याला घासता कामा नये. दोन माणसांनी सीटवर बसून शॉकअब्सॉर्बर दाबावेत. चाक वर आल्यावरही जागा उरली पाहिजे. सीट उघडून, चावी लावून, पेट्रोलचे झाकण काढून पाहावे. न हलणाऱ्या भागापासून किमान ५ मिलिमीटर आणि हलणाऱ्या भागापासून त्याहून बरीच जास्त जागा सोडणे हिताचे. पाइप आणि सायलेन्सरपासूनचे अंतर मात्र मिलिमीटरांत मोजण्यासारखे नाही. तिथे काही इंच जागा हवी, आणि ती नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडभिंत हवी.

शीट कापणे आणि वाकवणे: विंडशील्ड

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सपाट शीट कापून वाकवणे. विंडशील्ड हे तिचे उत्तम उदाहरण. त्यासाठी ३ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट शीट घ्यावी. ॲक्रिलिक स्वस्त आणि जास्त चकचकीत असते, पण अपघातात त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट वाकते, सहसा फुटत नाही. त्याच्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव त्याला चालत नाही. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे.

उंची ठरवताना स्वाराने नेहमीच्या पद्धतीने बसावे. विंडशील्डची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली, दोन ते पाच सेंटिमीटर, असावी. मग वारा हेल्मेटवरून जातो आणि नजर काचेवरून. नजर काचेतून जाऊ लागली, तर पावसात आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात रस्ता दिसेनासा होतो.

शीटवरचा संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. आकार बारीक दातांच्या पात्याने जिगसॉवर कापावा. वेग फार असेल, तर प्लास्टिक वितळून पात्यामागे पुन्हा चिकटते. आत खाच हवी असेल, तर आधी कोपऱ्यात गोल भोक पाडावे आणि करवतीचा काप त्या भोकात नेऊन संपवावा. कोपरा गोल राहिला की तडा सुरू व्हायला जागा उरत नाही. कापलेली कड आधी कानशीने, मग २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी. खरखरीत कडेतला प्रत्येक दाता हा उद्याचा तडा असतो.

सौम्य वळण हवे असेल, तर पॉलिकार्बोनेट गरम न करताही वाकवता येते. वळणाची त्रिज्या शीटच्या जाडीच्या किमान १०० पट असावी. ३ मिलिमीटर शीटसाठी ती ३०० मिलिमीटर होते. त्याहून तीव्र वळणासाठी उष्णता लागते. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा शोषते. न वाळवता ते १८० अंशांच्या पुढे तापवले, तर आत बुडबुडे उठून शीट पांढरी पडते. ते आधी १२० अंशांच्या आसपास काही तास वाळवावे लागते. घरी एवढी सोय नसते, म्हणून तीव्र वळणाच्या, पारदर्शक नसलेल्या भागांसाठी एबीएसची शीट घेणे बरे.

एबीएस सरळ रेषेत वाकवायचे असेल, तर रेषेच्या दोन्ही बाजूंनी हीट गन सतत फिरवत ठेवावी. एका जागी ती थांबली की पृष्ठभाग उकळतो आणि आतला थर कडकच राहतो. शीट स्वतःच्या वजनाने लवू लागली की ती लाकडी ठोकळ्यावर दाबून, गार होईपर्यंत धरून ठेवावी. घाईने सोडली, तर ती थोडी परत सरळ होते.

निर्वाताने आकार देणे

दोन्ही दिशांनी फुगीर असलेला आकार, उदाहरणार्थ मीटरचे वाटीसारखे कव्हर, वाकवून होत नाही. तिथे तापवलेली शीट साच्यावर ओढून खालची हवा काढून घेतात. घरी यासाठी एक लाकडी पेटी पुरते. पेटीच्या वरच्या फळीला ओळीने बारीक भोके पाडतात आणि बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडतात. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर साधारण पाचवा हिस्सा वातावरणीय दाबाएवढा फरक निर्माण करतो. तो कमी वाटतो, पण ३० बाय ३० सेंटिमीटर शीटवर त्याचा जोर १८० किलोच्या आसपास होतो.

साचा एमडीएफ लाकडाचा किंवा पूर्ण वाळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा करतात. त्याच्या उभ्या बाजूंना दोन-तीन अंशांचा उतार हवा, नाहीतर गार झालेले प्लास्टिक साच्याला घट्ट आवळून बसते. साच्याच्या खोलगट जागी मिलिमीटरभराची भोके पाडावीत. त्यांतून हवा निघाली नाही तर तिथला आकार बोथट येतो. शीट चौकटीत घट्ट आवळून ओव्हनमध्ये किंवा हीटरखाली १५० ते १७० अंशांपर्यंत तापवतात. ती आधी सुरकुतते, मग पुन्हा ताणल्यासारखी होते आणि शेवटी मधोमध झोळी पडते. झोळी पडली की काही सेकंदांत ती साच्यावर आणून व्हॅक्यूम चालू करायचा.

शीट ताणली की पातळ होते. साच्याचा पृष्ठभाग शीटच्या मूळ क्षेत्राच्या दुप्पट असेल, तर ३ मिलिमीटरची शीट सरासरी दीड मिलिमीटर उरते, आणि खोल कोपऱ्यांत त्याहूनही कमी. त्यामुळे स्क्रूची जागा खोल कोपऱ्यात धरू नये. गार होताना एबीएस अर्धा-पाऊण टक्का आक्रसते. ३०० मिलिमीटरच्या भागात हा फरक दोन मिलिमीटरच्या जवळ जातो. साचा तेवढा मोठा करावा लागतो.

फायबर: साइड पॅनेलचा संपूर्ण क्रम

गॅरेजच्या भाषेत ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतात, ते म्हणजे काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा पक्का थर. मोठ्या, फुगीर, एकेकट्या भागांसाठी घरी याच्याइतकी सोयीची दुसरी पद्धत नाही. साइड पॅनेल त्यात तीन टप्प्यांनी होते: मूळ नमुना, त्यावरून साचा, साच्यातून भाग.

मूळ नमुन्यासाठी तुटके जुने पॅनेल उत्तम. त्याचे तुकडे जोडून, खाचा पुट्टीने भरून ते घासून आरशासारखे गुळगुळीत करावे. नमुन्यावरचा एकेक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक भागात. पूर्ण नवा आकार हवा असेल, तर थर्मोकोल कोरून नमुना करता येतो. पण पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन थर्मोकोल विरघळवते. त्यामुळे त्यावर आधी टेप आणि प्लास्टरचे आवरण द्यावे किंवा तिथे एपॉक्सी रेझिन वापरावे. एबीएसच्या जुन्या पॅनेललाही स्टायरीन खाते. म्हणून नमुन्यावर मेणाचे चार-पाच हात द्यावेत, प्रत्येक हात वाळवून चमकवावा, आणि वर पीव्हीए द्रावणाचा पातळ थर द्यावा. तो वाळला की पारदर्शक पापुद्रा होतो आणि साचा सहज सुटतो.

साचा आणि भाग घडवण्याची रीत एकच आहे. सुरुवातीला जेलकोटचा, म्हणजे भागाचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग होणाऱ्या घट्ट रेझिनचा, अर्धा मिलिमीटर जाड थर ब्रशने द्यायचा. तो बोटाला चिकट लागतो, पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत आला की वर मॅट घालायची. मॅटची जाडी तिच्या वजनावर ओळखतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट सर्वत्र मिळते आणि तिचा एक थर साधारण मिलिमीटरभर होतो. पॅनेलला असे दोन थर पुरतात. साच्याला चार द्यावेत, म्हणजे तो पिळवटत नाही. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागते. ब्रश ओढायचा नाही, ठोकत जायचे. ओढला तर तंतू सरकतात. ठोकला तर रेझिन आत मुरते आणि हवेचे पांढरे बुडबुडे कडेला निघून जातात. बुडबुडा राहिला की तिथले जेलकोट पुढे टिचकी लागताच फुटते.

रेझिन घट्ट होण्यासाठी दोन रसायने लागतात. कोबाल्ट ॲक्सिलरेटर बरेचदा दुकानदाराने आधीच मिसळलेले असते. दुसरे एमईकेपी, ज्याला दुकानात हार्डनर किंवा कॅटॅलिस्ट म्हणतात, ते ऐन वेळी एक ते दोन टक्के घालायचे. अर्ध्या किलो रेझिनला ५ ते १० ग्रॅम. कोबाल्ट आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि त्यानंतरच एमईकेपी घालावे. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगलशिवाय बाटली उघडू नये आणि शेजारी वाहते पाणी असावे. थेंब गेलाच तर किमान पंधरा मिनिटे डोळा धुवून लगेच डॉक्टर गाठावा.

नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात रेझिन झपाट्याने पकडते; तिथे हार्डनर एक टक्क्याच्या जवळ ठेवावे आणि एका वेळी थोडेच रेझिन कालवावे. कोकणातल्या पावसाळ्यात उलटी अडचण येते: ओलसर मॅटवर रेझिन नीट धरत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. उरलेले रेझिन डब्यात तसेच ठेवू नये. साठलेल्या रेझिनची उष्णता आतच कोंडते, डबा धुमसू लागतो. ते पत्र्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावे.

थर रबरासारखा झाला की बाहेर आलेली मॅट धारदार सुरीने कापता येते. पूर्ण घट्ट झाल्यावर तेच काम ग्राइंडरने करावे लागते आणि काचेची धूळ उडते. ती फुप्फुसाला आणि कातडीला घातक. मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पाणी मारत घासणे हे यावरचे उपाय. भाग साच्यात किमान एक दिवस राहू द्यावा. लवकर काढलेला भाग हळूहळू वाकडा होतो.

मागच्या खुंट्या शेवटी बसवायच्या. पॅनेल गाडीवर धरून फ्रेमवरच्या रबरी ग्रोमेटची जागा आतून खूण करून घ्यावी. खुंटीच्या मुळाशी मॅटचे छोटे गोल तुकडे एकाहून एक मोठे लावून पायथा पसरट करावा. पायथा जितका पसरट, तितका ताण वाटला जातो.

थ्रीडी प्रिंटिंग

प्लास्टिकची वितळलेली तार थरावर थर घालून वस्तू घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट स्कॉट क्रंप यांनी १९८९ मध्ये मागितले होते. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘रेपरॅप’ प्रकल्पाने आणि २००९ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्याने ही यंत्रे घराघरात पोहोचली. मोटारसायकलसाठी त्यांचा उपयोग छोट्या, गुंतागुंतीच्या भागांना होतो: स्विचची चौकट, इंडिकेटरचा आधार, मीटरची कड.

इथे साहित्याची निवड निर्णायक ठरते. सर्वांत सोपी असलेली पीएलए तार ६० अंशांच्या आसपासच मऊ होते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा काळा भाग सहज तितका तापतो आणि लवतो. पीईटीजी ८० अंशांपर्यंत, एबीएस आणि एएसए १०० अंशांपर्यंत तग धरतात. त्यांपैकी एएसए उन्हात सर्वांत चांगले टिकते. रबरासारख्या बुशसाठी टीपीयू वापरतात. छापलेला भाग थरांच्या सांध्यावर कमजोर असतो. खुंटी उभी छापली तर ती पहिल्या हिसक्याला थरावर मोडते. आडवी छापली तर टिकते. त्यामुळे भाग छापण्याची दिशा त्याच्यावर येणाऱ्या ओढीवरून ठरवावी आणि स्क्रूसाठी पितळी इन्सर्ट गरम करून आत दाबावेत.

तुटलेला भाग सांधणे

नवा भाग करण्यापेक्षा जुना सांधणे कित्येकदा शहाणपणाचे. आधी तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. तडा तिथे थांबतो. मग तड्यावर व्ही आकाराची खाच करून, त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी सोल्डरिंग आयर्नने त्यात वितळवून भरावी. आतल्या बाजूला स्टीलची बारीक जाळी तापवून प्लास्टिकमध्ये बुडवली की सांधा दणकट होतो.

एबीएससाठी आणखी सोपा उपाय आहे. त्याच जातीचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवले की घट्ट लापशी होते. ती आतून पातळ थरांनी लावावी. ॲसिटोन उडून गेल्यावर थर आक्रसतो, म्हणून एकदम जाड थर देऊ नये आणि घासण्याआधी दिवसभर वाळू द्यावे.

बसवणे

भाग कितीही सुबक झाला, तरी तो टिकतो की नाही हे बसवण्यावर ठरते. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट उष्णतेने लोखंडाच्या सहापट फुगतात: ४०० मिलिमीटरचे विंडशील्ड पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून जास्त वाढते. भोक बोल्टपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठे असावे, त्यात रबरी ग्रोमेट बसवावे, वर रुंद वायसर घ्यावा आणि कडेपासून भोक त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत असावे. भोक पाडताना खाली लाकडाचा ठोकळा दाबून धरावा आणि वेग कमी ठेवावा, नाहीतर पलीकडे निघताना ड्रिल शीटला पकडते आणि चिरते.

बोल्ट रबर किंचित दबेपर्यंतच आवळावा. सैल होऊ नये म्हणून नायलॉकचा नट वापरावा. बोल्ट पकडून ठेवणारे द्रव लॉक प्लास्टिकजवळ लावू नये. ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला लागले की काही काळाने बोल्टभोवती जाळीसारखे तडे दिसू लागतात.

रंग

रंगापूर्वी भाग साबणाने धुऊन मेण आणि पीव्हीए पूर्ण काढावे. खड्डे पुट्टीने भरून २४० नंबरच्या, मग पाण्याबरोबर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासावे. प्रायमरचे दोन पातळ हात, पुन्हा ६०० नंबरचा पेपर, मग रंगाचे तीन-चार हात आणि शेवटी क्लिअर कोट. पीपीला प्रायमरखाली चिकटपणा वाढवणारे वेगळे द्रव लागते. ते वगळले तर रंग सालीसारखा निघतो. पॉलिकार्बोनेट रंगवू नये, कारण रंगातला थिनर त्याला आतून कमकुवत करतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. फुटलेल्या पॅनेलच्या जागी त्याच आकाराचे पॅनेल बसवणे वेगळे आणि गाडीची लांबी-रुंदी किंवा मूळ बांधणी बदलणे वेगळे. हेडलाइट, इंडिकेटर, परावर्तक आणि नंबर प्लेट नव्या भागाने झाकली जाता कामा नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण आणि मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची सोय मागतो. साडीचा पदर आणि ओढणी चाकात अडकून माणसे जीव गमावतात, म्हणून हा नियम आहे. रूप पालटण्याच्या हौसेत हे आवरण काढू नये.

चाचणी आणि देखभाल

नवा भाग बसवल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन वेगवेगळ्या गतींवर चालवावे आणि भागावर हात ठेवावा. एखाद्या गतीला तो विशेष थरथरत असेल, तर तिथे आणखी एक रबरी टेकण द्यावे. मग जवळची, कमी वेगाची फेरी मारावी. विंडशील्ड किंवा व्हायझर असेल तर वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा; हँडल हलके होऊन डोलू लागले, तर तो भाग उतरवून त्याचा आकार लहान करावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट तपासावेत, प्रत्येक भोकाभोवती आणि खुंटीच्या मुळाशी बारीक तडे शोधावेत, सायलेन्सरच्या बाजूचा पृष्ठभाग फुगला किंवा पिवळा पडला आहे का ते पाहावे. त्यानंतर हीच तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी करावी. पुठ्ठ्याचा नमुना आणि साचा गाडीचे नाव लिहून कोरड्या जागी जपून ठेवावेत, म्हणजे पुढचा भाग घडवताना मोजमापापासून सुरुवात करावी लागत नाही.